मोत्यांच्या राणीचे डोळे

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होणार, त्या आधीच माफ करा. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, आणि तीही वाटेतल्या व्हाळाला पावसाचं पाणी आलं की बंद असायची. अक्षर तर कोंबडीनं धुळीत पाय ओढावेत तसं आहे. याच हाताला ब्रश दिला तर केसाएवढी रेघ न थरथरता येते, पण पेन धरलं की हात परका होतो. ही वही कुणाला दाखवायची नाही. समोरच्या शेरिलनं शाळेत असताना अर्धी लिहून टाकून दिलेली, पुढची पानं चांगली आहेत म्हणून मी ठेवून दिली होती. तरी कधी कुणाच्या हाताला लागलीच, तर अक्षराला हसू नका, एवढंच.

हे मी माईसाठी लिहिते आहे. माई म्हणजे माझी थोरली बहीण सुमन. मी सहा महिन्यांची असताना आई गेली, तेव्हा माई चौदा वर्षांची होती. तिनं मला वाढवलं. माझ्या पायी तिचं लग्न लांबलं, आणि लग्नानंतर तिला मूल झालं नाही. गावात बायका या दोन गोष्टी एकीला एक जोडून बोलायच्या, माझ्या देखत. माई ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि माझ्या वेणीची गाठ जरा जास्तच घट्ट बांधायची. पुढे भावोजी बहरैनला तुबलीच्या एका गॅरेजात गाड्यांना रंग मारायच्या कामाला लागले, माई त्यांच्याकडे गेली, आणि बाबा वारल्यावर तिनं मलाही बोलावून घेतलं. तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची असेन.

बहरैनच्या नईम भागात तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. खिडकीतला जुना एसी दिवसभर घरघरायचा आणि त्याचं पाणी रंगाच्या रिकाम्या डब्यात टपटप पडायचं. तो डबा भरला की माई ते पाणी तुळशीला घालायची. पहाटे सित्राच्या कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी येऊन दोनदा हॉर्न वाजवायची, मग जिन्यावरून बुटांचा धडधडाट व्हायचा, मग बांग, मग खालच्या बेकरीत भट्टीच्या झाकणाचा आवाज. भावोजी गरम खुब्ज घेऊन वर यायचे. माई त्यावर गावच्या लसणीची चटणी पसरायची आणि म्हणायची, “ह्येका भाकरी म्हणूक माझा तोंड वळना नाय.” पण खायची आवडीनं. शुक्रवारी साफी मासे आणायचे, त्यांचं तिरफळ घालून सांबारं. तिरफळाचा वास जिन्यात गेला की समोरच्या दारातून फिलोमीना ओरडायची, “सुमन, आज आमचा स्वयंपाक नाही हं!” आणि तिची शेरिल वाटी घेऊन आधीच आमच्या दारात उभी असायची.

फिलोमीना वसईची, मनामाला एका छापखान्याच्या ऑफिसात कामाला. तिचा नवरा बोटीवर असायचा. तिची शिफ्ट संपेपर्यंत शेरिल शाळेतून थेट आमच्याकडे यायची. सात वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. माईला इंग्रजी येत नव्हतं, तरी दोघींच्या गप्पा तासन्‌तास चालायच्या. माई तिचे केस विंचरायची, तिला शिरवाळे करून घालायची, तिच्या युनिफॉर्मच्या बाहीला नाक लावून म्हणायची, “शाळेचो वास येता.” शेरिलच्या मागोमाग मजल्यावरची आणखी तीन-चार पोरं यायची. दुपारी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. माईच्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते, हे मला आता कळतं. तेव्हा मी दरवाज्यामागे बसून चित्रं काढत असायचे. मला माणसांत बसायला कधी जमलं नाही. आजही जमत नाही.

चित्रं मी बाबांकडून शिकले. गावात बाबांची गणपतीची शाळा होती. आषाढात लोक आपापला पाट आणून द्यायचे, पाटाखाली खडूनं नाव घातलेलं असायचं, आणि चतुर्थीपर्यंत त्या पाटांवर गणपती उभे राहायचे. माती मळायची, हात-पाय लावायचे, रंग द्यायचा, ही कामं कुणीही करे. डोळ्यांची आखणी मात्र बाबाच करायचे, सगळ्यांत शेवटी. डोळे नसलेला गणपती म्हणजे माती. त्याला उचला, आपटा, शिव्या द्या. पण एकदा डोळे आखले की त्याच्या तोंडावर फडकं टाकायचं आणि घरचा माणूस न्यायला येईपर्यंत ते काढायचं नाही. मी दहा वर्षांची होते तेव्हा बाबांचा हात कापायला लागला. मग दार लावून आखणी मी करायचे आणि लोकांना वाटायचं बाबांनी केली. बाबांनी मला एकच नियम घालून दिला होता: “एकदा काढलेलो डोळो पुसूचो नाय. चुकलो तरी तो आता तुझो नाय, त्येचो आसा.”

चित्रांचं काम मला फिलोमीनामुळे मिळालं. कॅलेंडरच्या पाठीवर मी शेरिलला एक समुद्रातला साप काढून दिला होता. त्याला घोड्याची आयाळ, आणि पोटातून दिवा लागल्यासारखा उजेड. फिलोमीना तो ऑफिसात घेऊन गेली. छापखान्याच्या मालकाचा मुलगा यूसुफ, पंचवीस-सव्वीसचा पोरगा, त्यानं तो बघितला. तो मुलांसाठी पत्त्यांचा एक खेळ करत होता. समुद्राखालचं एक राज्य, त्यातले राक्षस, राण्या, जादूची जहाजं. आधी एक गोष्टीचं पुस्तक आणि मागून पत्ते, असा त्याचा बेत होता. बापाकडून उसने पैसे घेऊन तो ते करत होता आणि बाप त्याला हसत होता.

“मंदा, तो विचारतो हे कुणी काढलं,” फिलोमीना म्हणाली. “मी म्हटलं आमची शेजारीण. तो म्हणतो, कुठल्या कॉलेजात शिकली?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, गणपती कॉलेज.”

माई इतकी हसली की तिच्या हातातलं पीठ सांडलं. “मी नाही जाणार तिथं,” मी म्हटलं. “नको जाऊ,” फिलोमीना म्हणाली, “यादी मी आणते, चित्र मी नेते. तू नुसती काढ.”

असं ठरलं. पहिलं काम पुस्तकाचं कव्हर. पक्ष्याचं तोंड असलेलं जहाज उलट्या समुद्रातून चाललं आहे. वरचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा, तिथं पुस्तकाचं नाव येणार. ते यूसुफला आवडलं. मग पत्ते आले. पत्ता तळहाताएवढा असला तरी चित्र जाड कागदावर हातभर मोठं काढायचं, म्हणजे छापताना लहान होऊन बारीक काम उठून दिसतं. आणि खालचा चौथा हिस्सा कोरा सोडायचा, कारण तिथं अक्षरं येणार. काय अक्षरं, ते मी कधी विचारलं नाही. फिलोमीना संध्याकाळी यादी वाचून दाखवायची: माणूस, शिंगं, हातात शंख, मागे हिरवा धूर. मी मान डोलवायचे. गणपती ज्यांच्या घरी जातो त्यांच्या घरात काय चाललंय हे तरी आम्ही कुठं विचारायचो? ते अक्षरांचं घर, हे चित्राचं घर, असं मी धरून चालले होते.

भावोजींना या कामाचा फार अभिमान. एकदा गॅरेजातून बाटलीच्या बुडाशी उरलेला रंग घेऊन आले. “मंदा, ह्यो बघ, खयच्या तरी शेखाच्या गाडयेचो. मोती वाटून घातल्यासारखो दिसता. जरा जपान वापर, परत गावचो नाय.” मग म्हणाले, “एक दिवस माझी गाडी पण तू रंगव. आदी गाडी व्हयी, ता सोड.” तो रंग उन्हात धरला की कधी पांढरा, कधी गुलाबी, कधी निळा दिसायचा. वास असा की दोन दिवस डोकं दुखे. पण त्याच्यासारखा मोती मी त्यानंतर कधी कुठल्या रंगात बघितला नाही.

हल्ली शेरिल परदेशातून व्हिडिओवर फोन करते. तिथं ती नर्स आहे, दोन मुलांची आई. परवा म्हणाली, “मंदा आँटी, आता कॉम्प्युटरला सांगितलं की तो राक्षस काढून देतो.” मी म्हटलं, डोळे कोण काढतं? ती म्हणाली, तेही तोच काढतो, सगळं एकदमच. मला ते पटलं नाही, पण माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय आणि दुसऱ्याचा काढायचाय, मी काय बोलणार?

एका यादीत आलं: समुद्राची राणी, मोत्यांचा मुकुट, मांडीवर लहान मूल, निळा उजेड. फिलोमीनानं एवढंच वाचलं, कारण कागदावर एवढंच होतं. ते ऐकताच मला माई दिसली. खरं सांगते, दुसरं कुणी दिसलंच नाही. माई इस्पितळात फरशी पुसायचं काम करत असे, सकाळची पाळी. तिच्या हातांना फिनेलचा वास यायचा. तिला मी राणी करीन, मोत्यांचा मुकुट घालीन, आणि देवानं जे दिलं नाही ते मी तिच्या मांडीवर ठेवीन, असं माझ्या मनात आलं. तिला सांगायचं नाही. छापून आलं की एकदम हातात द्यायचं.

महिनाभर त्या एका चित्रावर बसले. माई दुपारी पोरांत असायची, मी दरवाज्यामागे. भावोजींनी दिलेला सगळा रंग मुकुटाला वापरला. माईचं रुंद कपाळ, डाव्या भुवईतला व्रण, नाकाच्या शेंड्यावरची खळी, सगळं आणलं. मुलाचं तोंड असंच मनानं काढलं. शेवटी डोळे. डोळे मी खाली वळवले, मांडीवरच्या मुलाकडे, अर्धे मिटलेले. माझ्या हातून त्याच्याइतकं चांगलं काही झालं नाही. चित्रावर फडकं टाकलं आणि फिलोमीनाकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं. बरोबर यूसुफसुद्धा आला, पहिल्यांदाच. दारात उभा राहून, बूट न काढता, माझ्याकडे न बघता बोलला. चांगल्या घरचा पोरगा होता. “सिस्टर, बहुत अच्छा, माशाल्ला. बस आँख... आँख सामने चाहिए. बच्चे को नहीं देखती. हमको देखती. थोडा भूखा. समझा? भूखा.”

मी विचारायला हवं होतं, भुकेली का? राणीला कसली भूक? दोन शब्दांचा प्रश्न. पण परका पुरुष दारात, मी पदर चाचपत उभी, आणि तोंडातून निघालं, “हो.” “यल्ला, शुक्रन,” असे आभार मानून तो गेला.

मी ब्लेड घेतलं आणि ते खाली वळलेले डोळे खरवडून काढले. बाबांचा नियम आठवत नव्हता असं नाही. आठवत होता. पण हा कागद, मूर्ती नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. मग भुकेले डोळे कसे असतात याचा विचार करू लागले आणि फार करावा लागला नाही. संध्याकाळी फिलोमीना शेरिलला न्यायला यायची. शेरिल आईच्या कमरेला मिठी मारून समोरच्या दारात जायची, दार बंद व्हायचं, आणि माई वाटी हातात धरून त्या बंद दाराकडे बघत राहायची. ते मी रोज बघत होते. तेच काढले. चार रेघांत झालं. मला वाटलं, वा.

पत्ते छापून आले त्या शुक्रवारी फिलोमीनानं दोन पाकिटं आणली. एक शेरिलनं तिथंच जिन्यावर फोडलं. सगळी पोरं गोळा झाली. माईनं साफीचं सांबारं उतरवून ठेवलं होतं आणि पोरांसाठी तळलेले तुकडे ताटलीत घेऊन ती बाहेर आली. मी दाराशी होते. मला तिचं तोंड बघायचं होतं.

शेरिल ओरडली, “मम्मा, लुक! सुमी आँटी! सुमी आँटी इज अ क्वीन!”

माईनं ताटली खाली ठेवून पत्ता हातात घेतला. आधी मुकुट बघितला, मग मूल. तिचा चेहरा असा उजळला की मी अजून डोळे मिटले की तो बघू शकते. माझ्याकडे वळून म्हणाली, “अगो, ह्या मी?” मी मान हलवली. मग तिनं पत्त्याच्या खालच्या भागावर बोट ठेवलं आणि शेरिलला म्हणाली, “हडे काय लिवलाहा गो? माका वाचून दाखय.”

शेरिलनं आधी इंग्रजीत वाचलं. माईला कळलं नाही. मग ती पोर तिच्या मोडक्या मराठीत समजावून सांगायला लागली, शाळेत धडा सांगतात तशी, आनंदानं. “ही क्वीनला बेबी नाय. तिला नाय होत. म्हणून ती दुसऱ्याचा बेबी घेते. पानीत ओढते. मग तो बेबी मरते, मग ती अजून एक घेते.” मग पत्ता उलटसुलट करून म्हणाली, “हा कार्ड आला ना, तर तुझा एक छोटा कार्ड मला द्यायचा. मस्त हाय, आँटी. सगळ्यात स्ट्राँग.”

फिलोमीनानं “शेरिल!” म्हणून तिचा दंड ओढला. तिलाही माहीत नव्हतं. ती गोष्ट यूसुफनं नंतर लिहून खाली घातली होती. जिन्यात तिरफळाचा वास होता. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचं एक पिटुकलं पोर माईच्या डोळ्यांकडे बघून शेरिलच्या मागे लपलं आणि बाकीची हसली. त्यांना तो खेळ वाटला. मग पुढे कितीतरी दिवस तोच खेळ झाला. माई जिन्यावर दिसली की “क्वीन आली, क्वीन आली,” म्हणून किंचाळत पळायचं. त्यात वाईट काही नव्हतं, पोरं काही मनात धरून करत नाहीत. पण माईनं दार लोटून घ्यायला सुरुवात केली.

त्या दुपारी मात्र तिनं सगळ्यांना तुकडे वाटले. घरात आली, हात धुतले, पत्ता पदरानं पुसला. मला म्हणाली, “डोळे तुयाच काढलंस मा?”

“हो.”

“माझे असे दिसतत?”

मी नाही म्हणायला हवं होतं. माई, ते यूसुफनं सांगितलं तसे काढले, असं तरी म्हणायला हवं होतं, ते अर्धं खरंही होतं. पण तिच्यापाशी मला कधी खोटं बोलता आलं नाही. मी गप्प बसले. मग ती “भात निवता,” म्हणून उठली. त्यानंतर आम्ही जेवलो. त्या सांबाऱ्याची चव मला अजून तोंडात आहे, म्हणून मी आता साफी करत नाही.

महिन्याभरात फिलोमीनाची शिफ्ट बदलली आणि तिनं शेरिलला शाळेजवळच्या एका बाईकडे ठेवायला सुरुवात केली. ती म्हणाली शिफ्टमुळे. असेलही. मी तिला कधी दोष दिला नाही आणि माईनंही दिला नाही. पण दुपारी घरात एसीचं पाणी डब्यात पडलेलं ऐकू यायला लागलं. माई भिंतीकडे तोंड करून निजायची. तिच्या डोळ्यांना डोळा द्यायची मला भीती वाटायची, आणि मग तीच माझ्याकडे बघेनाशी झाली. पाठ फिरवून बोलायची. “चाय झाली.” “दिवो लाव.” माझी वेणीसुद्धा मी स्वतः घालायला लागले.

एका सकाळी मी एकटी छापखान्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणा परक्याकडे स्वतः काही मागायला गेले. यूसुफच्या टेबलापुढे उभी राहिले आणि पाठ करून नेलेलं हिंदी सगळं विसरले. “वो कार्ड बंद करो,” एवढंच म्हटलं. “वो मेरी बहन है.”

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. “सिस्टर, हमको क्या मालूम?” खरंच होतं. मग त्यानं कागदावर मला दाखवलं: एका मोठ्या कागदावर सगळे पत्ते एकत्र छापतात, एक काढायचा तर अख्खा कागद पुन्हा छापायचा, पाकिटं पुन्हा फोडायची. बापाचे पैसे. “मफी फुलूस, सिस्टर,” तो म्हणाला. पैसे नाहीत. मी म्हटलं, मी देते. मला मिळालेले परत देते आणि छपाईचे पण देते. थोडे थोडे, पण सगळे. आणि त्या जागी दुसरं चित्र फुकट काढून देते. त्यानं हप्त्यांसाठी एका कोऱ्या कागदावर माझं नाव घातलं आणि म्हणाला, “इंशाल्ला.” राणीच्या जागी मी समुद्रातला गोड्या पाण्याचा झरा काढला. त्यात माणूस नव्हतं. डोळे नव्हते.

घरी येऊन माईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “छापलेला परत घेवक येता काय गो?” खरं तर जी पाकिटं विकली गेली होती ती गेलीच होती. त्या संध्याकाळपासून मी मनामातल्या एका ऑफिसात झाडलोटीचं काम धरलं. चित्राचं काम सोडलं. यूसुफनं दोनदा निरोप पाठवला, मी गेले नाही.

पुढल्या वर्षी गॅरेज बंद पडलं आणि भावोजी-माई गावी गेले. माझं काम होतं, व्हिसा होता, फेडायचं होतं, मी राहिले. फिलोमीनाच्या एका खोलीत भाड्यानं. विमानतळावर माईनं माझ्या हातात लसणीच्या चटणीची बरणी दिली आणि बरणीकडे बघत म्हणाली, “झाकण घट लाव.” मी तिच्या पाया पडले. तिचे डोळे तेव्हा कुठे बघत होते, मला माहीत नाही. मी वर बघितलं नाही.

दर महिन्याला फोन. पाऊस, गाय, भावोजींचा खोकला. दोन वर्षं त्याच्या पलीकडे बोलणं गेलं नाही. मग तिचे पाय सुजायला लागले, डॉक्टर म्हणाले मूत्रपिंडाचं आहे. मी रजा मागितली, ती पुढच्या महिन्याची मिळाली. एका शुक्रवारी दुपारी तिचा स्वतःहून फोन आला. आवाज बारीक झालेला.

“मंदा, त्या पोराचो कान बघलंस?”

“कुठल्या पोराचा?”

“राणयेच्या मांडयेरच्या. उजवो कान वरसून दुमडलेलो आसा. तो तुझो कान गो.”

मी हात कानाला लावला. माझा उजवा कान जन्मापासून वरच्या बाजूनं दुमडलेला आहे. मी लहान असताना तो सरळ व्हावा म्हणून माई रोज तेल लावून चोळायची. चित्र काढताना माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. हातानं आपोआप काढला असेल.

“तिना ता पोर पळवूक नाय,” माई म्हणाली. “त्यांका काय ठावक? आवशीन जाताना माझ्या वटयेत घातल्यान. मी थंय होतंय.” आई जाताना मला तिच्याच ओटीत घालून गेली होती. मग म्हणाली, “आता रडतंस कित्याक? रजा गावली मा? ये.”

रजेला अकरा दिवस राहिले होते तेव्हा भावोजींचा फोन आला. मी पोचले ती तेराव्याला. तिचं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. भावोजींनी तिच्या पेटीतून एक रुमाल काढून माझ्यापुढे ठेवला. “तुझा म्हणान ठेवलेला.” आत तो पत्ता होता, शेरिलकडून तिनं मागून घेतलेला. कडा मऊ झाल्या होत्या. खालचा चौथा हिस्सा, अक्षरांचा, तिनं कात्रीनं कापून टाकला होता, अगदी सरळ, शिवणाच्या कात्रीनं. राणी आणि मांडीवरचं पोर तेवढं राहिलं होतं. डोळ्यांना तिनं हात लावला नव्हता.

परत आल्यावर मी छापखान्यात गेले. थोडेच दिनार राहिले होते. यूसुफचं आता लग्न झालं होतं, टेबलावर लहान मुलाचा फोटो होता. फिलोमीनानं त्याला माईचं सांगितलं होतं. तो उठून उभा राहिला. “खलास, सिस्टर. छोड दो. अब क्या?”

मी पैसे टेबलावर ठेवले आणि हात मागे घेतला. त्यानं ते परत सरकवले. मी पुन्हा ठेवले. मग त्यानं आतून ते मूळ चित्र आणलं, पुठ्ठ्यात गुंडाळलेलं, वर मी टाकलेलं फडकं तसंच होतं. ते मला दिलं आणि कपाटातून माझा कागद काढला. त्यावर दर महिन्याची एक ओळ होती, तीस महिन्यांच्या तीस ओळी. शेवटच्या ओळीखाली त्यानं इंग्रजीत काही लिहिलं. या वेळी मी विचारलं, “क्या लिखा?”

“सब पैसा मिल गया,” तो म्हणाला. “पूरा.”

त्याखाली मी मराठीत सही केली. पैसे सगळे फिटले.